घड्याळाला किल्ली, कीं घड्याळच किल्ली?

किल्ली ही वस्तु दिसावयास जितकी लहान, तितकी तिची सत्ता मोठी. घराचा कारभार कोणाच्या हातीं आहे, हें पूर्वीं परक्या माणसास कोणाला विचारावें लागत नसे; कोठीच्या आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे, एवढें पाहिलें म्हणजे त्याचें काम होई. सासूबाईंनीं एके दिवशीं तो जुडगा सुनेच्या हातांत ठेवला, कीं घरचा कारभार एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेला असें सर्वजण न बोलतां समजत. त्यासाठीं कागद लागत नसे, सही लागत नसे, कीं साक्षीदारही लागत नसे.

घड्याळाचेंही किल्लीशीं जुनें नातें आहे. ठराविक वेळीं घड्याळाला किल्ली देणें हा पुष्कळ घरांतून वडील माणसांचा नेम असे, आणि तो चुकला तर घड्याळ बंद पडून घरांतील सर्वांचीच वेळ चुके. आज काळाची गंमत अशी, कीं ज्या घड्याळाला आपण किल्ली देत होतों तें घड्याळ स्वतःच किल्ली होऊन बसलें आहे. आणि तेंही घराच्या दाराची नव्हे, तर दारांत उभ्या असलेल्या विजेच्या मोटारीची. या नव्या किल्लीची माहिती आमच्या वाचकांस करून द्यावी, आणि तिच्यामुळें कुटुंबांत जे प्रश्न उत्पन्न होतात त्यांचा थोडा विचार करावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

नवी किल्ली काय करते?

ज्याला बाजारांत ‘स्मार्टवॉच’ म्हणतात तें घड्याळ म्हणजे मनगटावर बांधलेला एक चिमुकला संगणकच होय. त्याच्या पोटांत बिनतारी संदेश पाठविण्याचीं साधनें असतात, आणि निरनिराळीं कामें करणारीं ‘ॲप’ त्यांत घालतां येतात. जून २०२० मध्यें ॲपल कंपनीनें आपल्या फोनमध्यें व घड्याळांत मोटारीची किल्ली ठेवण्याची सोय जाहीर केली, आणि तिचा पहिला मान जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या मोटारीस मिळाला. त्या वेळीं गाडी उघडण्यासाठीं फोन किंवा घड्याळ दाराच्या मुठीस जवळजवळ टेकवावें लागे.

पुढें डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेंतील टेस्ला या विजेच्या मोटारी करणाऱ्या कंपनीनें ॲपलच्या घड्याळासाठीं आपलें ॲप प्रसिद्ध केलें. हें ॲप घातलेलें घड्याळ मनगटावर असलें, म्हणजे फोन घरीं राहिला तरी चालतो. माणूस गाडीजवळ गेला कीं दार उघडतें, आंत बसून गाडी चालवितां येते, आणि माणूस दूर गेला कीं गाडीला आपोआप कुलूप लागतें. बॅटरी किती भरली आहे हें मनगटावर दिसतें. उन्हांत तापलेली गाडी आंत बसण्यापूर्वींच थंड करून ठेवतां येते. पुढचें सामानाचें झांकण उघडावयाचें असल्यास तेंही बोटाच्या एका स्पर्शानें होतें.

हा विषय केवळ अमेरिकेपुरता राहिला आहे असें कोणीं समजूं नये. जानेवारी २०२५ मध्यें ह्युंदाई कंपनीनें भारतांत जी विजेवर चालणारी ‘क्रेटा’ आणली, तिच्या कांहीं प्रकारांत फोन किंवा घड्याळ मुठीस टेकवून दार उघडण्याची सोय आहे. १५ जुलै २०२५ रोजीं टेस्लानें आपलें भारतांतील पहिलें दालन मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत उघडलें, आणि सप्टेंबरांत तेथून गाड्या ग्राहकांच्या हातीं जाऊं लागल्या. म्हणजे हें मनगटावरचें कुलूप-किल्लीचें प्रकरण आतां आपल्याच आळींत येऊन पोंचलें आहे.

त्यांतील सुखसोय खरी आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. जिच्या एका हातांत भाजीची पिशवी आणि कडेवर मूल आहे, तिला पर्स चाचपीत पावसांत उभें राहावें लागत नाहीं. पहांटे टेकडीवर जाणाऱ्या माणसाला खिशांत किल्ली खुळखुळवीत चालावें लागत नाहीं. किल्ली कोठें ठेवली म्हणून घरभर जी शोधाशोध चालते आणि जिच्यांत दोषाचा आरोप नेहमीं भलत्याच माणसावर येतो, तीही पुष्कळ अंशीं थांबते.

हँडल, बटण आणि किल्ली

परंतु या किल्लीचें खरें स्वरूप समजण्यासाठीं थोडें मागें वळून पाहिलें पाहिजे. पेट्रोलची मोटार नवी होती तेव्हां ती किल्लीनें नव्हे, तर हँडल मारून सुरू करीत. गाडीच्या तोंडाशीं हँडल घालून तें जोरानें फिरवावें लागे, आणि इंजिनानें उलटा झटका दिला तर फिरविणाराचें मनगट मोडण्याची भीति असे. त्या काळीं अमेरिकेंत विजेची मोटार स्त्रियांना विशेष पसंत पडे, त्याचें एक मोठें कारण हेंच होतें. तिला हँडल मारावें लागत नसे. ज्यांच्या कारखान्यांतून पेट्रोलच्या लक्षावधि मोटारी बाहेर पडल्या त्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लॅरा फोर्ड या स्वतः मात्र १९१४ सालची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेची मोटार वापरीत. ती मोटार मिशिगन संस्थानांतील डिअरबॉर्न येथें फोर्ड यांच्याच नांवाच्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे.

१९१२ सालीं चार्ल्स केटरिंग यांनीं तयार केलेला विजेचा ‘सेल्फ स्टार्टर’ कॅडिलॅक मोटारीस बसविला गेला, आणि हळूहळू हँडल मागें पडलें. तरीही किल्लीचें काम बराच काळ अर्धेंच होतें. किल्लीनें विजेचा प्रवाह मोकळा करावयाचा, आणि मग बटण दाबून किंवा पायानें कळ दाबून इंजिन सुरू करावयाचें, अशी सामान्य रीति होती. एकच किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय क्रायस्लर कंपनीनें १९४९ च्या आपल्या मोटारींत आणली. १९८२ सालीं फ्रान्समधील रेनॉ कंपनीच्या ‘फ्यूगो’ मोटारीबरोबर दुरून दार उघडणारी किल्ली आली. १९९५ च्या सुमारास चोरांना आळा घालण्यासाठीं युरोपांत किल्लीच्या डोक्यांत एक सूक्ष्म चकती बसवूं लागले. तिची ओळख पटल्यावांचून इंजिन सुरू होत नसे. १९९८ मध्यें मर्सिडीज कंपनीनें खिशांतून बाहेर न काढतां चालणारी किल्ली आणली. शेवटीं २०१७ सालीं टेस्लाची ‘मॉडेल ३’ ही गाडी ग्राहकांच्या हातीं गेली, ती नेहमींच्या किल्लीवांचूनच. तिच्याबरोबर दोन पातळ कार्डें मिळत, आणि रोजची किल्ली म्हणून मालकाचा फोनच वापरावयाचा असे.

या सर्व इतिहासांत एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. पेट्रोलच्या मोटारींत किल्ली फिरविली म्हणजे खरोखर कांहीं तरी घडे: तारा जुळत, स्टार्टर फिरे, इंजिन धडधडूं लागे. विजेच्या मोटारींत सुरू करावयास इंजिनच नाहीं. बॅटरींत वीज आहे, चाकांशीं विजेचें यंत्र आहे, आणि मध्यें संगणक बसलेला आहे. त्या संगणकापुढें प्रश्न एवढाच असतो, कीं समोर आलेल्या माणसाला गाडी द्यावी कीं न द्यावी? म्हणून विजेच्या मोटारीची किल्ली ही आतां फिरविण्याची वस्तु न राहतां एक परवाना झाली आहे. तो परवाना लोखंडांत असो, कार्डांत असो, फोनमध्यें असो कीं घड्याळांत असो, गाडीला तें सारखेंच.

शिक्का आणि अंगठी

हा परवाना गाडी ओळखते कशी? आपल्या इतिहासांतलें एक उदाहरण घेतलें तर हें चटकन समजेल. राजाच्या पत्रावर मुद्रेचा ठसा उमटविलेला असे. तो ठसा कसा दिसतो हें गांवोगांवच्या अधिकाऱ्यांस ठाऊक असे. परंतु ठसा उमटविणारी मुद्रा मात्र एकट्या दरबारांत असे. ठसा ओळखणें सर्वांना शक्य, पण उमटविणें एकालाच शक्य, यांतच त्या पद्धतीचें सामर्थ्य होतें.

चांगल्या प्रकारच्या नव्या किल्लींत हेंच तत्त्व गणिताच्या साह्यानें साधलेलें असतें. गाडीशीं घड्याळाची प्रथम ओळख करून देतांना घड्याळ दोन जुळत्या संख्या तयार करतें. त्यांपैकीं एक गुप्त संख्या तें आपल्या पोटांतील सुरक्षित कप्प्यांत ठेवून घेतें. ही झाली मुद्रा. दुसरी संख्या तें गाडीस देऊन टाकतें. हा झाला ओळखीचा ठसा. पुढें तुम्ही गाडीजवळ गेलां, म्हणजे गाडी दर वेळीं एक नवीच संख्या उच्चारते आणि जणूं म्हणते, “एवढ्यावर शिक्का मारून दाखवा.” घड्याळ आपल्या गुप्त संख्येनें तिच्यावर शिक्का मारून पाठवितें. ठसा जुळला कीं दार उघडतें. मध्येंच उभें राहून कोणीं हें संभाषण चोरून ऐकलें, तरी त्याचा उपयोग नाहीं. कारण पुढच्या वेळीं गाडी दुसरीच संख्या विचारणार.

गुप्त संख्या दुबळी असेल तर काय होतें, याचेंही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१८ सालीं बेल्जममधील ल्यूव्हेन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं टेस्लाच्या ‘मॉडेल एस’ गाडीच्या त्या वेळच्या किल्लीची नक्कल कांहीं सेकंदांत करून दाखविली. त्या किल्लींतील गुप्त संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांनीं लिहिलेली, ४० स्थानांची होती. अशा संख्या सुमारे एक लाख दहा हजार कोटी होतात. माणसाला ही गणती अफाट वाटते, पण आजच्या संगणकाला तिचीं कोष्टकें आधींच करून ठेवतां येतात. कंपनीनें पुढें ती किल्ली बदलली.

अंतराची लबाडी

मुद्रा कितीही पक्की असली, तरी एक प्रश्न उरतोच: मुद्रा जवळ आहे कीं दूर, हें गाडीला कसें कळावें?

यासाठीं तीन प्रकारच्या बिनतारी युक्त्या वापरांत आहेत. पहिली टेकविण्याची, तींत दोन्ही वस्तु कांहीं सेंटिमीटर अंतरावर आल्यावांचून संदेश जात नाहीं. दुसरी ब्लूटूथची, तिचा संदेश कित्येक मीटर जातो, आणि तो किती जोरकस ऐकूं येतो यावरून गाडी अंतराचा अंदाज करते. चोरांनीं फायदा घेतला तो याच अंदाजाचा.

समजा, गाडी फाटकाशीं उभी आहे आणि तिची किल्ली माजघरांतील मेजावर पडली आहे. एक चोर गाडीजवळ उभा राहतो, दुसरा घराच्या भिंतीशीं. दोघांच्या हातांत संदेश पुढें ढकलणारीं यंत्रें आहेत. गाडीनें विचारलेला प्रश्न पहिला चोर दुसऱ्याकडे पाठवितो, दुसरा तो भिंतीपलीकडच्या किल्लीस ऐकवितो, आणि किल्लीचें खरेखुरें उत्तर त्याच वाटेनें परत येतें. कुलूप फुटलें नाहीं, मुद्रेची नक्कल झाली नाहीं, तरी दार उघडलें! एखाद्या लबाडानें दूर बसलेल्या यजमानाचा आवाज नळींतून आणून दारवानास ऐकवावा, तसाच हा प्रकार. २०११ सालीं स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या तंत्रविद्यापीठांतील संशोधकांनीं ८ कंपन्यांच्या १० मोटारींवर हा प्रयोग केला, आणि दाहीच्या दाही मोटारी फसल्या. मे २०२२ मध्यें एन. सी. सी. ग्रुप या संस्थेच्या संशोधकानें फोनच्या ब्लूटूथ किल्लीच्या बाबतींतही हीच गोष्ट टेस्लाच्या गाडीवर करून दाखविली.

तिसरी युक्ति या लबाडीवरील उतारा म्हणून पुढें आली आहे. तिला ‘अल्ट्रा वाइडबँड’ म्हणतात. तींत संदेशाचा जोर न मोजतां त्याला जाऊन येण्यास लागलेला वेळ मोजतात. बिनतारी लहरी प्रकाशाच्या वेगानें जातात, आणि प्रकाश एका सेकंदाच्या शंभर-कोटीव्या भागांत सुमारे ३० सेंटिमीटर जातो. चोराला संदेशाचा आवाज वाढवितां येतो, पण प्रकाशाहून वेगानें तो पोंचवितां येत नाहीं. उत्तर उशिरां आलें कीं किल्ली दूर आहे हें गाडी ओळखते. मोटारी आणि फोन करणाऱ्या कंपन्यांच्या एका संयुक्त मंडळानें २०२१ सालीं आपल्या नियमावलींत या युक्तीचा समावेश केला. अर्थात् गाडी आणि घड्याळ या दोघांतही तें साधन असलें पाहिजे. एकांतच असून भागत नाहीं. म्हणून खरेदी करतांना रंग आणि गाद्या पाहण्यापूर्वीं हा एक प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा.

ज्यांच्याजवळ हें साधन नसेल त्यांच्यासाठींही एक साधा उपाय आहे. टेस्लानें २०१८ पासून गाडी चालविण्यापूर्वीं चार अंकांचा गुप्त आंकडा मागण्याची सोय ठेवली आहे. दार फसवून उघडलें, तरी आंकड्यावांचून गाडी हलत नाहीं.

किल्ली कोणाची?

येथपर्यंतचा विचार चोराचा झाला. परंतु आमच्या मतें या नव्या किल्लीचा अधिक महत्त्वाचा प्रश्न चोरासंबंधीं नसून घरच्या माणसांसंबंधीं आहे.

समजा, पुण्यांतील एका घरांत आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडें अशी मंडळी राहतात. थोरल्या मुलानें विजेची मोटार घेतली. ती त्याच्या नांवावर, ॲप त्याच्या फोनमध्यें, किल्ली त्याच्या मनगटावर. रोजच्या व्यवहारांत कांहीं अडत नाहीं. मग एके रात्रीं तो कामासाठीं नागपुरास गेलेला असतांना आजींच्या छातींत कळ येते. धाकट्या भावाला गाडी उत्तम चालवितां येते. गाडी दारांत उभी आहे आणि तिची बॅटरी भरलेली आहे. परंतु तिला हुकूम देणारें घड्याळ सातशें किलोमीटर दूर आहे, त्याचा मालक गाढ झोंपलेला आहे, आणि घरांतील कोणालाही गाडी ओळखत नाहीं. अशा वेळीं लागणारी दहा मिनिटें ही साधीं दहा मिनिटें नसतात.

जुन्या किल्लीच्या बाबतींत असें होत नसे, याचें कारण कोणाच्या लक्षांतही आलें नव्हतें. ती दाराजवळच्या खुंटीवर लटकत असे. गाडी कोणाच्याही नांवावर असो, खुंटी घराची असे. ज्याला गरज पडेल त्यानें किल्ली घ्यावी आणि काम झाल्यावर जागेवर ठेवावी, हा नियम कोठें लिहिलेला नसला तरी सर्वांना ठाऊक असे. किल्ली वस्तु होती तोंपर्यंत ती घराची होती. ती परवाना झाली आणि एका व्यक्तीची झाली. हा बदल कोणीं मुद्दाम केलेला नाहीं. जेथें एक माणूस, एक फोन आणि एक गाडी असा संसार असतो तेथें तो खुपतही नाहीं. एकत्र कुटुंबाला मात्र तो विचार करून सुधारून घ्यावा लागतो.

दुसराही एक नाजूक मुद्दा आहे. जुन्या किल्लीनें गाडी नेली तर ती कोठें गेली हें किल्लीला कळत नसे. नव्या ॲपवर गाडी या क्षणीं कोठें उभी आहे हें घरबसल्या दिसतें. वाटेंत गाडी बिघडली तर ही मोठी सोय आहे. पण सून माहेरीं किती वेळ थांबली, मुलगी मैत्रिणीकडे गेली कीं आणखी कोठें, हेंही त्याच आरशांत दिसतें. ज्याला दिसतें त्यानें तें पाहावें कीं नाहीं, हा यंत्राचा प्रश्न नव्हे, घरच्या रीतिभातीचा आहे. निदान ज्याच्या हातीं किल्ली दिली त्याला “ही गाडी कोठें आहे तें आम्हांला दिसतें बरें का,” एवढें आधीं सांगणें हा साधा सभ्यपणा होय. न सांगतां पाहत राहिल्यास गाडीबरोबर घरांत संशयही येऊन राहतो.

या सर्वांची दुसरी बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. नवा परवाना दुरून देतां येतो आणि दुरून काढूनही घेतां येतो. परगांवीं असलेला मुलगा आपल्या वडिलांस तेथूनच किल्ली पाठवूं शकतो. नोकरी सोडून गेलेल्या ड्रायव्हरनें किल्लीची नक्कल करून ठेवली असेल काय, या शंकेनें कुलूप बदलीत बसावें लागत नाहीं. त्याचें नांव यादींतून काढलें कीं झालें. लोखंडाच्या किल्लीला हें कधींच साधलें नसतें. दोष साधनांत नाहीं. तें कोणाकोणाच्या हातीं असावें हें ठरविण्याचें काम आपण पुढें ढकलतों, आणि अडचण उत्पन्न होते ती तेथें.

घरांत करावयाच्या चार गोष्टी

तेव्हां अशी मोटार ज्यांच्या घरीं आहे किंवा येऊं घातली आहे, त्यांनीं आमच्या मतें पुढील गोष्टी पहिल्याच आठवड्यांत कराव्या.

पहिली गोष्ट, गाडीबरोबर मिळालेल्या कार्डांपैकीं किंवा किल्ल्यांपैकीं एक घराच्या खुंटीवर ठेवावी. ती कोणाच्याही पाकिटांत जाऊं देऊं नये. नुसतें टेकविण्याचें जें कार्ड असतें त्याला स्वतःची बॅटरी लागत नाहीं. टेकविल्याबरोबर गाडीकडूनच त्याला पुरेशी शक्ति मिळते. घड्याळाचें तसें नाहीं. एका चार्जिंगवर १८ तास, एवढेंच ॲपलनें आपल्या नेहमींच्या घड्याळांविषयीं अनेक वर्षें सांगितलेलें आहे. म्हणजे रोज घड्याळाला किल्ली देण्याचा वडिलांचा नेम रूप बदलून पुन्हां घरांत आला म्हणावयाचा, आणि तो चुकला तर आतां वेळेबरोबर गाडीही हातची जाणार.

दुसरी गोष्ट, घरांत ज्यांना ज्यांना गाडी चालवितां येते त्या सर्वांना आपापली स्वतंत्र किल्ली करून द्यावी, मग त्यांची रोज गरज पडो वा न पडो. एकाच्या खात्याचा गुप्त शब्द सर्वांनीं वापरण्याची जी सोपी रीति पुष्कळ घरांत दिसते ती टाकावी. कारण त्यामुळें कोणाची किल्ली कोणती हें कळत नाहीं, आणि एकाची काढावयाची वेळ आली तर सर्वांचीच काढावी लागते. आजोबांना घड्याळावरील बारीक अक्षरें दिसत नसतील तर त्यांच्यासाठीं कार्ड आहेच. ज्यांच्या आयुष्यभराच्या कष्टांवर घर उभें राहिलें त्यांना आपल्याच दारांतल्या गाडीपुढें परक्यासारखें उभें राहण्याची पाळी येऊं नये.

तिसरी गोष्ट, एखाद्या रविवारीं सर्वांनीं मिळून परीक्षा घ्यावी. फोन घरांत ठेवून नुसत्या घड्याळावर गाडी उघडते काय? घड्याळ काढून मेजावर ठेवलें असतां उघडते काय? गाडी तळघरांत किंवा डोंगरांत, जेथें फोनला संदेश पोंचत नाहीं अशा ठिकाणीं असतां काय होतें? घड्याळ आणि गाडी यांचें बोलणें जेथें समोरासमोर होतें तेथें मध्यवर्ती संगणकाची गरज पडत नाहीं. पण जे हुकूम कंपनीच्या संगणकावरून फिरून येतात ते त्या संगणकावरच अवलंबून असतात. १९ नोव्हेंबर २०२१ रोजीं टेस्लाच्या यंत्रणेंत बिघाड होऊन निरनिराळ्या देशांतील कित्येक मालकांना फोनवरून आपल्या गाडीशीं संबंध जोडतां येईना, आणि कांहीं जण बंद गाडीबाहेर ताटकळत राहिले. कंपनीचे प्रमुख ईलॉन मस्क यांनीं त्याच दिवशीं खुलासा करून, असें पुन्हां न होण्यासाठीं उपाय करूं, असें सांगितलें. ज्यांच्या खिशांत कार्ड होतें त्यांना त्या दिवशींही कांहीं अडचण पडण्याचें कारण नव्हतें. याच परीक्षेंत आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. विजेच्या मोटारींत चाकें फिरविणाऱ्या मोठ्या बॅटरीखेरीज साधारणतः १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते, आणि दारें व संगणक तिच्यावर चालतात. ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी कोणालाच ओळखत नाहीं. अशा वेळीं बाहेरून वीज देऊन दार कसें उघडावयाचें हें गाडीच्या माहितीपुस्तकांत दिलेलें असतें. तें पान आधींच वाचून ठेवावें.

चौथी गोष्ट, वर्षांतून एकदां, सोयीसाठीं पाडव्याच्या दिवशीं म्हणा, गाडीच्या किल्ल्यांची यादी उघडून पाहावी. जुना फोन विकला असेल, घड्याळ हरवलें असेल, ड्रायव्हर बदलला असेल, तर त्यांचीं नांवें काढून टाकावीं. गाडी विकतांना तर हें विसरूंच नये. आणि जुनी गाडी घेणारानेंही पूर्वीच्या मालकाच्या सर्व किल्ल्या आपल्यासमोर रद्द करून घ्याव्या. लोखंडाची किल्ली हातांत आली कीं व्यवहार पुरा झाला, असें पूर्वीं म्हणतां येत असे. परवाना मात्र विकणाराच्या मनगटावर तसाच राहूं शकतो.

विज्ञानानें दिलेली सोय नाकारावी असें आम्हीं कधींच म्हटलेलें नाहीं, आणि आजही म्हणत नाहीं. घड्याळानें गाडी अवश्य उघडावी. तरुणांनीं तें कौतुक वडिलांना दाखवावें, आणि वडिलांनींही तें कौतुकानें पाहावें. फक्त त्याच संध्याकाळीं सर्व मंडळींनीं एकत्र बसून ही किल्ली कोणाकोणाजवळ असावी तें ठरवावें, आणि दाराजवळच्या खुंटीवर एक कार्ड अडकवून ठेवावें. खुंटी जुनीच चालेल.